दुसऱ्या वर्षी मेपलचा रस का आटला: हवामान, भोक की नळी?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे मी काही चुकीचं धरून चाललो असेन तर तुम्ही मला तिथेच अडवाल.

अमेरिकेत दक्षिण न्यू हॅम्पशायरमधलं घर, मागच्या उतारावर १६ शुगर मेपल (ज्यांचा रस उकळून मेपल सिरप करतात ती झाडं), त्यांना खोडात भोकं पाडून ठोकलेल्या १८ तोट्या. ३/१६ इंची नळीची एकच लाइन, सगळ्यात वरच्या झाडापासून खालच्या पिंपापर्यंत साधारण २५ फूट उतार. गेल्या वर्षी, पहिल्याच हंगामात, १७० गॅलन रस. यंदा नळी तीच, तोट्याही त्याच, गरम पाण्याने धुऊन घेतलेल्या. १२ फेब्रुवारीला भोकं पाडली, तीन आठवडे सगळं छान चाललं. मग मार्चच्या सुरुवातीला चार दिवस ऊन पडून पारा १५ अंशांवर गेला. त्यानंतर रात्री पुन्हा गोठायला लागल्या, पण रस पूर्वीच्या अर्ध्यावरही येत नाही. वरच्या तीन झाडांना तोटीच्या भोवतीने सालीवर रस ओघळतो. नळीत बुडबुडे जागच्या जागी पुढे-मागे डुलतात. शेजाऱ्याच्या बादल्यांत मात्र टपटप चालूच आहे. आणि तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: झाडं दमली का, भोक पुन्हा कोरून मोठं करू का, की बारा व्होल्टचा पंप घेऊ?

पंप घेऊ नका. ड्रिल तर हातातही घेऊ नका. झाडं दमलेली नाहीत. माझा अंदाज असा की तुमची लाइन एका, कदाचित दोन-तीन ठिकाणी तुंबली आहे आणि त्याच वेळी भोकं वेळेआधी म्हातारी झाली आहेत. पहिलं या शनिवारी दुरुस्त होईल. दुसरं यंदा होणार नाही, पुढच्या वर्षी टाळता येईल. मी इथे व्हरमाँटमध्ये १४ हंगाम हा उद्योग करतोय, सहा बादल्यांपासून सुरू करून आता १४० तोट्यांवर आहे. तरी लांबून सांगतोय, तुमचं रान पाहिलेलं नाही. म्हणून नुसता अंदाज न देता तो कसा तपासायचा तेही लिहितो.

सगळ्यात आधी हवामान. निम्म्या वेळा नळीचा दोष नसतोच. मेपलचा रस वाहतो तो गोठण्या-वितळण्याच्या फेऱ्यांवर. या झाडाच्या लाकडातल्या धाग्यांत पाण्याऐवजी वायू भरलेला असतो. रात्री गोठायला लागलं की तो वायू आकसतो, धाग्यांच्या आतल्या भिंतींवर बर्फ धरतो आणि झाड मुळांकडून पाणी वर ओढून घेतं. सकाळी ऊन लागलं की बर्फ वितळतो, दाबला गेलेला वायू फुगतो आणि आतला दाब कधीकधी मोटारीच्या टायरइतका चढतो. त्या दाबाला तुम्ही पाडलेलं भोक म्हणजे मोकळी वाट. रात्र गोठलीच नाही तर झाडात नवीन पाणी चढत नाही, आणि दिवस वितळलाच नाही तर दाब येत नाही.

यात फसगत होते ती अशी. फोनवरचा आकडा विमानतळाचा असतो, तुमच्या उताराचा नव्हे. रात्री दोन तास पारा शून्याला टेकून परत वर आला तर जाड खोडाला त्याचा पत्ताही लागत नाही. रात्रीतले काही तास तरी उणे तीन-चार हवेत आणि दिवसा चार-पाचच्या वर. शिवाय लांबलेल्या कडाक्यानंतरचा पहिला उबदार दिवस बहुतेक वाया जातो, कारण खोड आतपर्यंत वितळायला दुपार उजाडते. एक साधा किमान-कमाल तापमान दाखवणारा थर्मामीटर झाडाच्या उत्तर बाजूला छातीच्या उंचीवर टांगा. माझ्या अंगणातल्या आणि रानातल्या आकड्यांत सकाळी तीन-तीन अंशांचा फरक असतो.

तुमच्या बाबतीत शेजाऱ्याच्या बादल्या वाहतायत, म्हणजे त्या दिवशी हवामान दोषी नव्हतं एवढं नक्की. पण तेवढ्यावरून तुमच्या आणि त्याच्या झाडांची तुलना करू नका. त्यावर पुढे येतो.

आता गळती. तुम्ही लिहिलंय की वरच्या तोट्या गळतात, म्हणून त्या हातोडीने आणखी आत ठोकल्या. बहुतेक सगळे हेच करतात, आणि खरी मेख इथेच आहे.

३/१६ ची नळी चालते कशी ते आठवा. लहानपणी पिंपातून रॉकेल काढताना नळीचं एक टोक बुडवून दुसरं तोंडाने ओढायचं आणि खाली सोडून द्यायचं, मग खाली पडणारं रॉकेल मागच्याला आपोआप ओढत आणायचं. इथेही तेच. नळी इतकी बारीक की झाडातून येणारे वायूचे बुडबुडे रसाला वळसा घालून वर सटकू शकत नाहीत, त्यामुळे रसाचा स्तंभ अखंड राहतो आणि त्याचं वजन वरच्या तोट्यांवर ओढ निर्माण करतं. नेहमीच्या ५/१६ च्या नळीत बुडबुडे बाजूने निघून जातात, स्तंभ तुटतो, ओढ राहत नाही. व्हरमाँट विद्यापीठाच्या प्रॉक्टर मेपल संशोधन केंद्रात टिम विल्मॉट यांनी बारीक नळीचा हा गुण दाखवून दिला, आणि त्यानंतर उतार असलेल्या आमच्यासारख्या छोट्या लोकांनी तो धडाधड उचलला. ही ओढ पाऱ्याच्या इंचांत मोजतात: दर फूट उताराला साधारण ०.८८ इंच मिळते. तुमच्या २५ फुटांना २२ इंच. हे वीज न जाळता मिळतंय. पंप लावून त्यात फार तर तीन-चार इंचांची भर पडेल, आणि लाइन तुंबलेली असेल तर तीही तुंबलेल्या जागेच्या वर पोचणार नाही. म्हणून पंपाला नाही म्हटलं.

मग विचार करा: ज्या तोटीवर २२ इंचांची ओढ आहे, तिथे फट असेल तर काय होईल? रस बाहेर येणारच नाही. बाहेरची हवा आत जाईल. बारीक शीळ ऐकू येते कधीकधी, आणि त्या झाडाच्या खालच्या नळीत बुडबुड्यांची माळ सुसाट पळताना दिसते. खारीने नळी कुरतडली की हेच दिसतं. रस जर तोटीभोवतीने *बाहेर* ओघळत असेल, तर त्या तोटीवर ओढ शिल्लकच नाही. उलट झाडाचा दाब कुठे जाऊ म्हणून वाट शोधतोय. तुमच्या वरच्या तीन झाडांच्या तोट्या सैल नाहीत, त्यांच्या खाली कुठेतरी बूच बसलंय. डुलणारे बुडबुडेही तेच सांगतात. हवेची गळती असती तर ते पळाले असते. ते डुलतायत, म्हणजे स्तंभ जागच्या जागी अडकलाय.

दुसऱ्या वर्षीच का? कारण पहिल्या हंगामानंतर नळीत जो थोडा रस राहतो त्यात साखर असते, आणि उन्हाळ्यात त्यावर जीवाणू आणि यीस्ट मजेत वाढतात. त्यांचा बुळबुळीत थर सगळीकडे धरतो, पण नळीच्या सरळ भागात तो फारसा आड येत नाही. आड येतो तो टी-जोडणीत (तोटीची नळी लाइनला मिळते तिथला T आकाराचा सांधा, पुढे नुसता ‘टी’) आणि दोन नळ्या जोडणाऱ्या सांध्यात, कारण त्यांचं आतलं छिद्र नळीहूनही बारीक. एखादा संशयित टी पात्याने उभा चिरून पाहा. गार झालेल्या पेजेसारखं काहीतरी आत बसलेलं असतं. त्यात ड्रिलचा एखादा भुसा अडकला की काम फत्ते. गरम पाण्याने तोट्या धुतल्यात हे चांगलं केलंत, पण टी-जोडण्यांना पाणी लागलंच नाही.

बूच शोधण्याची माझी पद्धत अशी. रस वाहण्याच्या दिवशी, अकरा ते तीनच्या दरम्यान, खालून वर चालत जायचं. प्रत्येक झाडाशी ड्रॉप लाइन (तोटीपासून मुख्य लाइनपर्यंतची छोटी नळी) टी-जोडणीवरून उपटायची, एक क्षण ऐकायचं आणि लगेच टीचं तोंड अंगठ्याने बंद करायचं. जिथे ओढ आहे तिथे ‘सुस्स’ करून हवा आत जाते. जिथे ओढ नाही तिथे रस बाहेर पिचकतो, निदान थेंब थेंब येतो. शेवटचा सुस्स आणि पहिली पिचकारी यांच्या मधला टी किंवा सांधा हा तुमचा गुन्हेगार. लाइनच्या वरच्या टोकाला ओढ मोजणारं एक व्हॅक्यूम गेज कायमचं लावलंत तर हा शोध घ्यायची वेळ केव्हा आली ते घरबसल्या कळेल. गेज खाली पिंपाशी लावू नका. तिथे ते काही सांगत नाही.

दुरुस्ती सोपी आहे. तो टी कापून काढा, नवा लावा. नळी थंडीत काठीसारखी ताठ होते, म्हणून आम्ही थर्मासमध्ये कढत पाणी नेतो, नळीचं टोक अर्धा मिनिट बुडवतो, मग ते जोडणीवर सहज चढतं. तेल किंवा साबण लावू नका. कापलेला तुकडा इंच-दीड इंचाचा असेल, त्याने लाइन ताणली जाऊन तोट्यांवर जोर येतोय का तेवढं बघा. आणि हंगाम चालू असताना, तोट्या झाडात असताना, नळीत ब्लीच किंवा कुठलंही औषध सोडायचं नाही. संध्याकाळी गोठताना झाड तेही आत ओढून घेईल.

आता दुसरा भाग, जो मला जास्त खटकतोय. फक्त वरच्या तीन झाडांचा रस अडला असता तर तुमचं उत्पन्न पाचव्या हिश्शाने कमी झालं असतं. ते अर्ध्याहून खाली आलंय. म्हणजे एकतर खालच्या आणखी दोन-चार टी अर्धवट तुंबल्यात, किंवा भोकंच सुकत चाललीत. मला वाटतं दोन्ही थोडं थोडं आहे.

हे तपासायला एक वाटी आणि घड्याळ पुरे. मधल्या एखाद्या झाडाची ड्रॉप लाइन टीवरून काढून बूच लावून टीचं तोंड बंद करा आणि ड्रॉप लाइनचं टोक वाटीत सोडा. दहा मिनिटं थांबा. वाटीत टपटप सुरू राहिली तर भोक जिवंत आहे, दोष लाइनचा. वाटी कोरडी राहिली आणि त्याच वेळी शेजारचं झाड वाटी भरतंय, तर भोक गेलं. वाटी आणि शेजारची वाटी, दोन्ही कोरड्या, तर त्या दिवसाचं हवामानच नव्हतं. एका झाडावरून निष्कर्ष काढू नका, चार-पाच तरी पाहा, आणि सगळी एकाच तासात. सकाळी नवाची वाटी आणि दुपारी दोनची वाटी यांची तुलना म्हणजे काहीच नाही.

भोक म्हातारं होतं म्हणजे काय? झाडाच्या लेखी ती जखम आहे आणि झाड ती आतून बंद करायच्या मागे असतं. त्याला घाई करायला लावतात जीवाणू. चांगल्या परिस्थितीत भोक सहा ते आठ आठवडे रस देतं. पण चार दिवस १५ अंश पडले की जीवाणूंची चैन होते, आणि तुमच्या तोट्या गेल्या वर्षीच्या होत्या, म्हणजे विरजण आधीच लागलेलं. प्लास्टिकच्या ओरखड्यांत ते इतकं घट्ट बसतं की गरम पाण्याने जात नाही.

शिवाय नळीची एक खोड आहे जी बादलीला नाही. संध्याकाळी झाड गोठायला लागलं की ते आत ओढतं. बादलीच्या तोटीतून ते हवा ओढतं. नळीतून ते ड्रॉप लाइनमधला रस ओढतं, दिवसभर कोमट झालेला, जीवाणूंसकट, थेट जखमेत. म्हणून तुमच्या शेजाऱ्याची भोकं अजून तरणी आहेत. त्यातून तुम्ही म्हणता त्याने मार्चमध्ये टॅप केलं, म्हणजे भोकं पाडून तोट्या लावल्या. त्याची भोकं तुमच्यापेक्षा तीन आठवड्यांनी लहान आहेत. आमच्याकडे मार्चचा पहिला मंगळवार, गावसभेचा दिवस, हा टॅपिंगचा जुना मुहूर्त. अलीकडे हिवाळे लवकर सैल पडतात म्हणून लोक फेब्रुवारीतच सुरुवात करतात, आणि चांगल्या नव्या तोट्या असतील तर ते चालतंही. जुन्या तोट्या आणि फेब्रुवारी हे समीकरण मात्र जमत नाही.

आता भोक मोठं करण्याबद्दल. तुम्ही लिहिलंत की आजोळी, गोव्यात पेडण्याला, रेंदेर (माडी काढणारा) रोज माडाची पोय, म्हणजे फुलोरा, थोडी थोडी कापतो आणि म्हणून सूर, म्हणजे माडाचा रस, येत राहतो, तर इथेही ताजा काप दिला तर? प्रश्न चांगला आहे, मलाही पहिल्या वर्षी हाच पडला होता. पण दोन्हीकडची यंत्रणा वेगळी. माडाचा रस येतो तो झाडाने फुलोऱ्याकडे पाठवलेल्या साखरेच्या वाहिन्यांतून. त्या चिकटून बंद होतात, म्हणून रोज नवा पातळ काप. पोय तशीही त्या झाडाची पुन्हा पुन्हा फुटणारी आणि गळून जाणारी गोष्ट. मेपलचा रस येतो खोडाच्या लाकडातून, आणि तिथे पाडलेलं भोक कायमचं. झाड ते भरून काढत नाही. भोकाच्या वर-खाली लाकडाचा एक उभा पट्टा ते निकामी ठरवून भिंत घालून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. तो पट्टा रुंदीला अगदी कमी पण उंचीला भोकाच्या कितीतरी पट असतो.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. पाचव्या हंगामात माझीही लाइन अशीच बसली होती. मी झाडांना दोष दिला आणि पाच झाडांना मार्चच्या मध्यात दुसरं भोक पाडलं. चार दिवस रस आला, मग तेही आटलं, कारण नळीतलं बूच तसंच होतं. दोन वर्षांनी वादळात त्यातलं एक झाड आडवं झालं. सरपणासाठी फोडलं तेव्हा आत दोन तपकिरी पट्टे निघाले, एकेक दीड फुटाचा, अगदी शेजारी शेजारी. त्या बाजूला पुढची कित्येक वर्षं नवं भोक पाडायला जागाच उरली नव्हती. तो ओंडका मी जाळला नाही, ड्रिलच्या शेजारी फळीवर ठेवलाय.

झाडं दमली का, याचंही उत्तर यातच आहे. निरोगी, दहा-बारा इंच व्यासाच्या झाडाला एक तोटी लावली तर त्यातून जाणारी साखर त्याच्या साठ्याच्या मानाने थोडी. झाडाला खरा खर्च पडतो तो भोकाचा. म्हणून १८ इंचांच्या आतल्या झाडाला दुसरी तोटी नको. तुमच्या १६ झाडांपैकी दोघांना दोन-दोन आहेत, त्यांचा घेर एकदा टेपने मोजा. घेर ५६ इंचांच्या वर हवा.

ठोकलेल्या तोट्यांचं काय करायचं? आहेत तशा राहू द्या. पण पुढच्या वर्षी लक्षात ठेवा: तोटी हलक्या हाताने ठोकायची, आवाज पोकळ होता तो भरीव झाला की थांबायचं. त्यापुढचे दोन ठोके लाकूड चिरतात, विशेषतः लाकूड गोठलेलं असताना, आणि त्या चिरेतून मग खरोखरची हवा शिरते. भोकं पाडायचा दिवस म्हणून शून्याच्या वरचाच निवडावा. भोक ५/१६ इंचाचं, दीड ते दोन इंच खोल, किंचित बाहेरच्या बाजूला उतरतं. धारदार पातं एका दमात आत आणि एका दमात बाहेर. भुसा पांढरट-पिवळसर आला तर छान, तपकिरी आला तर तुम्ही जुन्या जखमेत शिरलात, तिथे तोटी लावून फायदा नाही. भोकात तोंडाने फुंकर मारून भुसा उडवायचा मोह होतो. मारू नका, तुमच्या तोंडातले जीवाणू फुकटात आत जातात. नवं भोक जुन्यापासून आडवं किमान सहा इंच सरकवा आणि उंचीही बदला.

तोट्या दरवर्षी नव्या. याबाबतीत मी कंजूषपणा करून पाहिलाय आणि तो महागात पडतो. एका कॉफीच्या पैशांत चार-पाच तोट्या येतात. आत छोटी गोळी असलेल्या, रस उलटा जाऊ न देणाऱ्या तोट्याही मिळतात. त्याही एकाच हंगामाच्या, गोळी चिकट झाली की त्या साध्या तोट्याच. ड्रॉप लाइन मी तीन वर्षांनी बदलतो. टी दोन वर्षांनी, आणि ३/१६ वर तर मला वाटतं दरवर्षी बदलल्या तरी वाया जात नाहीत. तुमच्या एवढ्या लाइनीला १८ टी म्हणजे एका संध्याकाळचं काम. मी स्वतः नव्या लाइनींत वरचा सपाटीचा भाग ५/१६ ने करतो आणि खालच्या उतारावर तेवढी ३/१६ ठेवतो. ओढ तयार होते ती खालच्या स्तंभाने, आणि वरच्या रुंद जोडण्या लवकर तुंबत नाहीत. तुमचा उतार कुठे आहे यावर हे अवलंबून. सगळा उतार वरच्या अर्ध्यात असेल आणि खाली सपाट, तर ही युक्ती तुमच्या कामाची नाही.

हंगाम संपला की त्याच दिवशी, रस नळीत आंबायच्या आत, लाइन धुवा. वास नसलेलं साधं ब्लीच एक भाग, पाणी वीस भाग. वरच्या टोकाने सोडा, प्रत्येक ड्रॉप लाइनमधून जाऊ द्या, नळीत थोडा वेळ राहू द्या, मग पूर्ण निचरा. ब्लीचमागे थोडं मीठ राहतं आणि खारींना ते फार आवडतं, म्हणून स्वच्छ पाण्याने परत धुवा. मी नळीच्या पहिल्या वर्षी असं धुतलं नव्हतं. पुढच्या जानेवारीत अडीचशे फुटांच्या लाइनीवर अकरा ठिकाणी दातांच्या खुणा मोजल्या. पुढच्या हंगामाचा पहिला गॅलन-दोन गॅलन रस जमिनीवर सोडून द्या.

या शनिवारी आधी सकाळी थर्मामीटर, मग वाट्या, मग खालून वर सुस्स आणि पिचकारी. सापडलेले टी बदला आणि पिंपातल्या नळीचं टोक रसात बुडलेलं असेल तर वर घ्या, नाहीतर रात्री पिंपातलाही रस उलटा चढतो. एवढं केलंत तर वरची तीन झाडं लगेच परत येतील. बाकीच्यांचं वाटी सांगेल.

फार हाती लागलं नाही म्हणून खंत करू नका. गुऱ्हाळात काहिलीत पडणाऱ्या उसाच्या रसात १८-२० टक्के साखर असते आणि आपल्या या रसात दोन. ८६ ला साखरेच्या टक्क्यांनी भागलं की एक गॅलन सिरपला किती गॅलन रस लागेल ते निघतं: दोन टक्क्यांना ४३. गेल्या वर्षीच्या तुमच्या १७० गॅलनांचं चार गॅलन सिरप झालं असेल. यंदा आतापर्यंत ५५ गॅलन म्हणताय, म्हणजे सव्वा गॅलन. लाइन सुटली आणि रात्री गोठत राहिल्या तर आणखी एखादा गॅलन होऊ शकतो. रस थोडा गढूळ असेल तर साठवू नका, त्याच दिवशी उकळा. सिरप गडद होईल, काकवीकडे झुकेल, मला स्वतःला तेच जास्त आवडतं.

उकळताना वाफेला उग्र, कोबी शिजल्यासारखा वास आला की झाडांच्या कळ्या फुगल्या असं समजा आणि त्याच दिवशी थांबा. तोट्या काढा आणि भोकात काहीही कोंबू नका. मेण नको, लाकडी खुंटी नको. उघडं राहिलं की कोरडं होतं आणि झाड एक-दोन उन्हाळ्यांत बाहेरून त्यावर साल चढवतं.

वाट्या मोजल्यात की आकडे इथेच टाका, झाडाच्या क्रमांकासकट आणि वेळेसकट. आणि कापून काढलेला टी फेकू नका, उभा चिरून त्याचा फोटोही टाका.